दाराआडचे स्वयंपाकघर

प्रस्तावना

घरच्या पानावर बसलेल्या माणसाला स्वयंपाक कोणी केला, पाणी कोणत्या हंड्यातले आहे, भाजी ताजी आहे की सकाळची, हे सारे ठाऊक असते. घराबाहेर पडल्यावर मात्र हे ज्ञान मागे राहते. बसस्थानकावरची वडापावची गाडी, कामगारांची खाणावळ, लग्नाची पंगत, शाळेतील दुपारचे जेवण अशा ठिकाणी अन्न शिजवणारे हात दिसत नाहीत. स्वयंपाकघर बहुधा दाराआड असते. तरीही माणूस तेथे निःशंकपणे घास घेतो. हा विश्वास कशाच्या आधारावर उभा असतो?

या विश्वासामागे एक व्यवस्था आहे. जेवणाऱ्याच्या वतीने कोणीतरी ते दार उघडून आत पाहते, प्रश्न विचारते, आवश्यक तर नमुना घेते. प्रस्तुत पाठात या व्यवस्थेचा परिचय करून दिला आहे. तुमच्यापैकी काही जण खाणावळीत, चहाच्या टपरीवर किंवा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करीत असतील. बाहेर तर आपण सारेच कधी ना कधी जेवतो. म्हणून हा विषय सर्वांच्या रोजच्या जीवनाशी निगडित आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीत काय पाहतात, हे सांगणे.
• अन्न दूषित होण्याची कारणे स्पष्ट करणे.
• नमुना घेण्याची पद्धत आणि त्यामागील हेतू समजून घेणे.
• ग्राहक व व्यावसायिक यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या ओळखणे.
• कार्यालयीन मराठीतील वाक्यरचना समजून घेऊन तक्रार अर्ज लिहिणे.

मूळ पाठ

१. तपासणीची सकाळ

तालुक्याच्या गावी बसस्थानकामागे एक खाणावळ आहे, अशी कल्पना करा. ती चालवणाऱ्या बाईंना सारे गाव ‘मावशी’ म्हणते. दुपारी साठ-सत्तर माणसे तेथे जेवतात. त्यांत चालक-वाहक असतात, बाजाराला आलेले शेतकरी असतात, महाविद्यालयातील मुले असतात. मावशींच्या हाताला चव आहे आणि त्या कोणाला अर्धपोटी उठू देत नाहीत.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक तरुण बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ओळखपत्र पुढे केले आणि म्हणाल्या, “मावशी, मी अन्न सुरक्षा अधिकारी. स्वयंपाकघर पाहायचे आहे.”

मावशींच्या पोटात गोळा आला. तपासणीवाले आले की धंदा बंद झालाच म्हणून समजा, असे शेजारच्या हॉटेलवाल्याने त्यांना सांगून ठेवले होते. त्या घाईघाईने म्हणाल्या, “या मॅडम, बसा. आधी चहा घ्या.”

“चहा नको, मावशी. हात धुण्याची जागा कुठे आहे, तेवढी दाखवा.”

अधिकारी बाईंनी प्रथम स्वतःचे हात धुतले. नळाला पाणी होते, पण साबण नव्हता. त्यांनी वहीत नोंद केली. मग त्या एकेक गोष्ट पाहू लागल्या. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले आहे का? पिण्याचे पाणी कोठून येते, टाकी शेवटची केव्हा धुतली? कोंबडीचे कच्चे मांस आणि कोशिंबिरीची काकडी एकाच पाटावर चिरली जाते का? कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का? उंदरांच्या लेंड्या, झुरळे, माश्या यांच्या खुणा कोठे आहेत? तळणीचे तेल किती वेळा वापरले आहे? भजी वर्तमानपत्राच्या कागदात तर बांधून देत नाहीत ना?

कोपऱ्यात एक मुलगा पीठ मळत होता. त्याच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. अधिकारी बाई तेथे थांबल्या. “काय झाले रे बोटाला?”

“विळीवर कापले, मॅडम. परवा.”

ही नोंदही वहीत झाली. शेवटी त्यांनी पिशवीतून तापमापक काढून रश्श्याच्या पातेल्यात बुडवला. काटा ४२ अंश सेल्सिअसवर थांबला. शेजारी आदल्या रात्रीचा भात झाकून ठेवलेला होता. तो ओट्यावरच होता, फ्रिजमध्ये नव्हता.

“हा भात फोडणीला घालते मी,” मावशी म्हणाल्या. “आणि रस्सा वाढण्याआधी पुन्हा उकळतेच. उकळले की सगळे जंतू मरतात ना?”

हा प्रश्न केवळ मावशींचा नाही. अनेक स्वयंपाकघरांत हाच समज आढळतो. म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

२. डोळ्यांना न दिसणारे

अन्नातील जंतूंना वाढण्यासाठी ओलावा, पोषण आणि ऊब लागते. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा टप्पा त्यांना मानवतो. म्हणून गरम वाढायचे अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड ठेवायचे अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, असा दंडक आहे. अनुकूल परिस्थितीत काही जंतू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. या गतीने एका जंतूपासून सात तासांत वीस लाखांहून अधिक जंतू होऊ शकतात. एवढे होऊनही अन्नाचा रंग, वास किंवा चव बदललेली असेलच असे नाही.

मावशी म्हणतात त्याप्रमाणे उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, हे खरे आहे. परंतु काही जंतू मरण्यापूर्वी अन्नात विष सोडून जातात. कापलेल्या किंवा पिकलेल्या बोटावर आढळणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू असाच आहे. त्याचे विष उकळूनही नष्ट होत नाही. भातात आढळणाऱ्या बॅसिलस सेरेअस या जंतूची बीजे तर पहिल्या शिजण्यातूनच वाचतात. भात ओट्यावर कोमट राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात. नंतर कितीही कडकडीत फोडणी दिली, तरी ते विष जात नाही. म्हणूनच मुलाच्या बोटावरची चिंधी आणि रात्रीचा भात या वरकरणी क्षुल्लक गोष्टी वहीत नोंदवल्या गेल्या.

जंतूंइतकाच दुसरा धोका भेसळीचा असतो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत अनेकांचे पाय सुजू लागले, दम लागू लागला. रुग्णांची संख्या झपाट्याने वाढत गेली. त्यांच्या घरी वापरल्या जाणाऱ्या मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले आढळले. या वनस्पतीच्या बिया मोहरीसारख्याच बारीक व काळसर असतात. त्या तेलातील विषारी द्रव्यामुळे हृदय व रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो. त्या साथीत साठांहून अधिक माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल वेष्टनबंद स्वरूपात विकण्याविषयी आदेश काढला.

हे तेल विकत घेणाऱ्या गृहिणी निष्काळजी नव्हत्या. त्यांनी भांडी स्वच्छ घासली असतील, भाज्या धुतल्या असतील. बाटलीत काय आहे, हे मात्र त्यांना डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते. एकट्या माणसाची दक्षता जेथे संपते, तेथून सार्वजनिक तपासणीची गरज सुरू होते.

पाठगत प्रश्न १

(अ) योग्य पर्याय निवडा : गरम वाढायचे अन्न किती तापमानाच्या वर ठेवावे?
(१) २० अंश (२) ४० अंश (३) ५ अंश (४) ६० अंश
(आ) चूक की बरोबर ते लिहा :
(१) दूषित अन्नाचा वास नेहमी बदलतो.
(२) काही जंतूंचे विष उकळल्यानंतरही अन्नात राहते.
(इ) १९९८ मध्ये दिल्लीतील मोहरीच्या तेलात कशाची भेसळ आढळली?

३. नमुना आणि न्याय

मावशींच्या फळीवर सुट्या तिखटाचा डबा होता. तिखटाचा रंग फारच भडक दिसत होता. अधिकारी बाईंनी नमुना घेण्याचे ठरवले. तसे त्यांनी मावशींना लेखी कळवले आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या शिंप्याला बोलावले. तिखटाचे चार भाग करून ते वेगवेगळ्या बाटल्यांत भरले, प्रत्येक बाटली मोहोरबंद केली आणि वेष्टनावर मावशींची सही घेतली. मावशी सही करायला नुकत्याच शिकल्या होत्या. त्यांनी अंगठा पुढे केला नाही. सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

मग अधिकारी बाईंनी पैसे काढून ओट्यावर ठेवले. मावशी चकित झाल्या. “पैसे कसले, मॅडम?”

“तिखटाचे. नमुना फुकट घ्यायचा नसतो. बाजारभावाने किंमत द्यायची, असे कायद्यातच लिहिले आहे.”

चार भाग करण्यामागे एक विचार आहे. एक भाग अन्न विश्लेषकाकडे तपासणीसाठी जातो. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे सुरक्षित राहतात. व्यावसायिकाने मागणी केली, तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो अहवाल मान्य नसेल, तर व्यावसायिकाला तीस दिवसांत अपील करता येते. मग राखून ठेवलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. अशा रीतीने ग्राहकाचे आरोग्य आणि व्यावसायिकाचा न्याय हे दोन्ही सांभाळले जातात. केवळ संशयावरून कोणाला दोषी ठरवले जात नाही आणि केवळ ओळखीवरून कोणाला निर्दोषही ठरवता येत नाही.

अधिकाऱ्यावरही कायद्याचा अंकुश आहे. जो अधिकारी विनाकारण त्रास देण्यासाठी जप्ती करतो, त्याला दंड होऊ शकतो. उलट, अधिकाऱ्याविरुद्ध खोटी तक्रार करणाऱ्यालाही दंडाची तरतूद आहे.

४. कायद्याची वाटचाल

भेसळीला शिक्षा करण्याची कल्पना नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल, मीठ यांत भेसळ करणाऱ्यास दंड सांगितला आहे. ब्रिटिश काळात प्रांतांनी आपापले कायदे केले. मद्रास प्रांताचा कायदा १९१८ चा, बंगालचा १९१९ चा, तर मुंबई प्रांताचा १९२५ चा होता. स्वातंत्र्यानंतर संपूर्ण देशासाठी १९५४ मध्ये अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्या काळात ‘अन्न निरीक्षक’ हे पद सर्वांच्या परिचयाचे होते. अनेक शहरांत नगरपालिकेच्या आरोग्य विभागाचे निरीक्षकच हे काम करीत.

पुढे संसदेने २००६ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम संमत केला. २००८ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची स्थापना झाली. ५ ऑगस्ट २०११ पासून नवी व्यवस्था प्रत्यक्ष अंमलात आली आणि १९५४ चा कायदा मागे पडला. जुन्या कायद्याचा भर भेसळ पकडण्यावर होता. नव्या कायद्याने शेतातून बाहेर पडलेले अन्न ताटात पोहोचेपर्यंत सुरक्षित राहावे, ही दृष्टी स्वीकारली. लहान व्यावसायिकाने नोंदणी करावी, मोठ्याने परवाना घ्यावा, असा नियम झाला. पूर्वीच्या अन्न निरीक्षकाच्या जागी ‘अन्न सुरक्षा अधिकारी’ आला.

राज्यात या व्यवस्थेचे प्रमुख अन्न सुरक्षा आयुक्त असतात, तर जिल्ह्याचे काम पदनिर्देशित अधिकारी पाहतात. महाराष्ट्रात ही जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांचे महत्त्व मात्र कमी झालेले नाही. शुद्ध पाणीपुरवठा, कचरा उचलणे, गटारे वाहती ठेवणे, मंडईची स्वच्छता ही कामे त्यांचीच आहेत. खाणावळीच्या दारातच गटार तुंबले असेल, तर आतला ओटा कितीही घासला तरी अपुराच ठरतो.

कायद्यात शिक्षेच्याही पायऱ्या आहेत. अस्वच्छ जागी अन्न तयार केल्यास आर्थिक दंड होतो. असुरक्षित अन्नामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर किमान सात वर्षे कारावासापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. लोकांच्या आरोग्याला तातडीचा धोका असेल, तर आयुक्तांच्या संमतीने व्यवसायावर तात्काळ मनाई करता येते. दुरुस्त होण्यासारखे दोष असतील, तर प्रथम सुधारणा नोटीस दिली जाते.

मावशींना अशीच नोटीस मिळाली. ती पदनिर्देशित अधिकाऱ्यांच्या सहीची होती. शेजाऱ्याने सांगितले तसे खाणावळीला टाळे लागले नाही. नोटिशीत दोष एकेक करून लिहिले होते. ते दूर करण्यासाठी मुदत दिली होती. ही मुदत चौदा दिवसांपेक्षा कमी असू शकत नाही. मुदतीत सुधारणा झाली नाही तर नोंदणी निलंबित होऊ शकते, हेही त्यात नमूद होते.

मावशींनी ती नोटीस दोन वेळा वाचली. दुसऱ्या वाचनात त्यांच्या लक्षात आले, की नोटिशीतील एकही गोष्ट अशक्य नाही. साबण, झाकणाचा डबा, दोन वेगळे पाट, टाकी धुतल्याच्या तारखेची वही, कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, सुट्या मालाची पावती. भात उरला तर तो लगेच पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि न उरेल अशा बेताने शिजवायचा. हात कापलेल्याने तो बरा होईपर्यंत पीठ मळायचे नाही. तोवर त्याला गल्ल्यावर बसवता येईल.

पाठगत प्रश्न २

(अ) रिकाम्या जागा भरा :
(१) नमुन्याचे एकूण ______ भाग केले जातात.
(२) विश्लेषकाने ______ दिवसांत अहवाल द्यायचा असतो.
(आ) सुधारणा नोटीस आणि तात्काळ मनाई यांत कोणता फरक आहे?
(इ) नोटीस दुसऱ्यांदा वाचल्यावर मावशींच्या काय लक्षात आले?

५. अधिकारी नसताना

एका तालुक्यात शेकडो उपाहारगृहे, गाड्या, दुकाने आणि शाळा असतात. त्या सर्व ठिकाणी अधिकारी रोज जाऊ शकत नाही. तपासणी वर्षातल्या एखाद्या दिवशी होते, तर जेवण रोज होते. मधल्या दिवसांची जबाबदारी कोणाची, हा या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न आहे.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मुलांनी दुपारचे जेवण घेतले आणि ती आजारी पडू लागली. त्या जेवणाने २३ मुलांचा जीव घेतला. ज्या तेलात भाजी केली होती, त्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे तपासणीत आढळले. तेलाच्या वासाविषयी स्वयंपाकिणीला शंका आली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. शंका येऊनही ताटे वाढली गेली, ही या घटनेतील मनाला चटका लावणारी गोष्ट आहे. स्वयंपाक करणाऱ्या माणसाची शंका ही सर्वांत पहिली तपासणी असते. ती ऐकून घेणारे कोणी नसेल, तर पुढच्या सर्व तपासण्यांना उशीर झालेला असतो.

शाळेतील जेवण मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी चाखून पाहावे, अशी सूचना आहे. तिचा अर्थ केवळ मीठ पाहणे एवढाच नाही. ‘हे अन्न मी खाऊ शकतो, म्हणून मुलांना वाढतो’ अशी ती जबाबदारीची ग्वाही आहे.

ग्राहकालाही कायद्याने हक्क दिले आहेत. परवाना किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर आणि दुकानात पाहता येतो. विकत घेतलेल्या पदार्थाचे विश्लेषण ठरावीक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून करून घेता येते. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. पदार्थ दोषी आढळल्यास शुल्क परत मिळते. तक्रार करण्यासाठी वकिलाची गरज नसते. साधा, स्पष्ट आणि तारीखवार लिहिलेला अर्ज पुरेसा होतो. आजारी पडल्यावर नशिबाला दोष देऊन गप्प बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी जेवणाऱ्याला धोक्यात टाकत असतो.

६. पुन्हा एकदा दारात

मुदत संपल्यावर अधिकारी बाई पुन्हा आल्या. हात धुण्याच्या जागी साबण होता. पाट दोन होते, मांसाच्या पाटाला तांबडी खूण केलेली होती. रश्श्याखाली मंद आच होती. तापमापकाचा काटा ६८ अंशांवर गेला. तिखटाचा अहवालही आला होता. ते निर्दोष निघाले होते. भडक रंग मिरचीच्या जातीचा होता.

“म्हणजे उगाच नेले की हो तिखट,” मावशी हसून म्हणाल्या.

“उगाच नाही, मावशी. परवापर्यंत ते चांगले आहे, असे तुम्हाला वाटत होते. आता ते चांगले आहे, हे तुम्हाला माहीत आहे.”

निघताना अधिकारी बाईंची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. पूर्वीचे लाकडी दार मावशींनी काढून टाकले होते. तेथे जाळीचे दार बसवले होते. माश्या आत येत नव्हत्या आणि बाकावर बसलेल्या प्रत्येकाला चूल, ओटा, पाण्याची टाकी, सारे दिसत होते. हे नोटिशीत लिहिलेले नव्हते.

“हे कोणी सांगितले?”

“कोणी नाही. तुम्ही वर्षातून एकदा पाहणार. जेवणारे रोज पाहतील.”

शब्दार्थ

निःशंकपणे – मनात शंका न ठेवता
दंडक – ठरलेला नियम
वेष्टन – वरचे आवरण
मोहोरबंद – शिक्का मारून बंद केलेले
पदनिर्देशित अधिकारी – कायद्याने विशिष्ट कामासाठी नेमलेला अधिकारी
निलंबित – काही काळापुरते रद्द केलेले
ग्वाही – खात्री, साक्ष
पोटात गोळा येणे – एकाएकी भीती वाटणे
मनाला चटका लावणे – तीव्र दुःख होणे

भाषाभ्यास

(अ) अर्थभेद : निरीक्षण म्हणजे लक्षपूर्वक पाहणे. परीक्षण म्हणजे ठरलेल्या कसोटीवर गुणदोष ठरवणे. विश्लेषण म्हणजे एखाद्या पदार्थाचे घटक वेगळे करून अभ्यासणे. अधिकारी बाईंनी स्वयंपाकघराचे निरीक्षण केले आणि प्रयोगशाळेत तिखटाचे विश्लेषण झाले.

(आ) कार्यालयीन वाक्यरचना : मावशींच्या नोटिशीत पुढील वाक्ये होती.
‘तिखटाचा नमुना घेण्यात आला.’
‘पाण्याची टाकी स्वच्छ करण्यात यावी.’
या वाक्यांत कर्ता दिसत नाही. कार्यालयीन मराठीत अशी कर्मणी रचना वारंवार येते. वाचताना ‘कोणी?’ असा प्रश्न विचारावा. नमुना कोणी घेतला? अधिकाऱ्याने. टाकी कोणी स्वच्छ करायची? व्यावसायिकाने. कर्ता सापडला की जबाबदारी कोणाची, हे कळते.

(इ) समास : स्वयंपाकघर – स्वयंपाकासाठी घर (चतुर्थी तत्पुरुष). अन्नसुरक्षा – अन्नाची सुरक्षा (षष्ठी तत्पुरुष). चहापाणी – चहा, पाणी वगैरे (समाहार द्वंद्व).

तक्रार अर्जाचा नमुना

दिनांक : ______

प्रति,
मा. पदनिर्देशित अधिकारी,
अन्न सुरक्षा विभाग, जिल्हा ______

विषय : उपाहारगृहातील अस्वच्छतेबाबत तक्रार.

महोदय / महोदया,
दिनांक ______ रोजी दुपारी ______ वाजता मी व माझ्या कुटुंबातील तीन व्यक्तींनी ______ येथील उपाहारगृहात जेवण घेतले. रात्री आम्हा चौघांनाही उलट्या व जुलाब झाले. भाताला आंबूस वास येत असल्याचे मी त्याच वेळी व्यवस्थापकांच्या निदर्शनास आणले होते. जेवणाची पावती व डॉक्टरांचे प्रमाणपत्र यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. कृपया सदर ठिकाणाची तपासणी करावी आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती मला कळवावी, ही विनंती.

आपला / आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता)

लक्षात ठेवा : अर्जात दिवस, वेळ, ठिकाण आणि प्रत्यक्ष घडलेली घटना लिहावी. ऐकीव गोष्टी व रागाचे शब्द टाळावेत.

तुम्ही काय शिकलात

• घराबाहेरचे जेवण विश्वासावर चालते. तपासणी त्या विश्वासाला पुराव्याचा आधार देते.
• दूषित अन्न नेहमी दिसण्यावरून किंवा वासावरून ओळखता येत नाही.
• नमुन्याची पद्धत ग्राहक आणि व्यावसायिक या दोघांनाही न्याय देते.
• अधिकारी क्वचित येतो. रोजची दक्षता शिजवणाऱ्याने आणि जेवणाऱ्याने घ्यायची असते.

पाठान्त प्रश्न

१. अधिकारी बाईंनी स्वयंपाकघरात कोणकोणत्या गोष्टी पाहिल्या? त्यांतील कोणत्याही तीन गोष्टींची कारणे लिहा.
२. ‘उकळले की सगळे जंतू मरतात’ हा समज अपुरा कसा आहे, ते स्पष्ट करा.
३. ‘स्वयंपाक करणाऱ्या माणसाची शंका ही सर्वांत पहिली तपासणी असते.’ गंडामन येथील घटनेच्या आधारे या विधानाचा अर्थ सांगा.
४. मावशींनी लाकडी दार काढून जाळीचे दार का बसवले असावे? पाठाच्या शीर्षकाशी या कृतीचा संबंध जोडा.
५. पुढील वाक्यांतील कर्ता शोधून वाक्ये पुन्हा लिहा : (अ) कचऱ्याचा डबा झाकून ठेवण्यात यावा. (आ) अहवाल चौदा दिवसांत देण्यात आला.
६. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या खाणावळीला भेट द्या. चालकांची परवानगी घेऊन स्वच्छतेच्या पाच चांगल्या गोष्टी आणि सुधारणेच्या दोन गोष्टी नोंदवा. त्या त्यांना नम्रपणे सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) (४) ६० अंश. (आ) (१) चूक (२) बरोबर. (इ) पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची.
२. (अ) (१) चार (२) चौदा. (आ) दुरुस्त होण्यासारखे दोष असतील तर मुदत देऊन सुधारणा नोटीस दिली जाते. आरोग्याला तातडीचा धोका असेल तर व्यवसायावर तात्काळ मनाई केली जाते. (इ) नोटिशीतील एकही गोष्ट अशक्य नाही, हे मावशींच्या लक्षात आले.